करवंदीच्या जाळीतला देव

माझ्या धाकट्या दिराने मुंबईहून कुत्रा पाठवला, तेव्हा त्याच्याबरोबर एक उशी, एक कंगवा आणि खाण्याची दोन पोती आली. सांभाळायचा कसा ते त्याने फोनवर सांगितलं. सांभाळणारी मी होते, फोन मात्र माझ्या नवऱ्याला केला होता.

"पॉइंटर जातीचा आहे, बाबांना सोबत होईल," असं दीर म्हणाला. खरी गोष्ट अशी होती की त्यांच्या सोसायटीत कुत्र्यावरून रोज भांडणं होत होती. आमचं घर पावस गावाच्या वर, सड्याला, म्हणजे कातळाच्या माळाला लागून. तिथे जागा आहे, आंब्याची बाग आहे आणि मुख्य म्हणजे मी आहे. मुंबईकर गावाला जे जे प्रेमाने पाठवतात ते आधी त्यांना नकोसं झालेलं असतं. त्यांचा जुना फ्रिज आमच्याकडे आहे, जुनी गादी आहे, त्यात हा एक.

आमच्या वाडीत कुत्र्याची पारख भुंकण्यावर होते. हा भुंकतच नसे. पहिल्याच दिवशी शेजारणीच्या कोंबडीसमोर जाऊन थांबला. एक पुढचा पाय वर, शेपटी सरळ मागे, नाक पुढे, आणि पुतळा. कोंबडी बघत राहिली, हा बघत राहिला. दुसऱ्या दिवशी माझ्या माहेरहून, हर्णैहून आलेल्या सुक्या बोंबलांच्या डब्यासमोर तसाच. वाडीतल्या जाणत्यांनी निदान केलं की कुत्र्याला वात आहे. एकाने चोळायला तेलही आणून दिलं. मुंबईच्या लादीवर वाढलेल्या कुत्र्याचे सांधे असेच असायचे, असं त्याचं म्हणणं पडलं.

माझ्या सासऱ्यांनी मात्र ओटीवर बसल्या बसल्या त्याला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत फिरवत त्या उचललेल्या पायापर्यंत नेला. त्यांना दिसत नाही. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. त्याआधीची सगळी हयात त्यांनी रान तुडवण्यात घालवली. शेतीच्या राखणीसाठी परवाना मिळालेली एकनळी बंदूक होती त्यांच्याकडे. त्या बंदुकीने शेतीची राखण किती केली हे विचारू नये, कारण शेतात कधी पायही न ठेवणारे ससे आणि रानकोंबडे तिच्यापुढे मेले. त्यांच्या गोष्टीतला एक रानडुक्कर तर माझ्या लग्नात वासराएवढा होता, माझी मुलं शाळेत जाईपर्यंत म्हशीएवढा झाला. डोळे गेले तशी बंदूक पोलिसांकडे जमा झाली. त्यानंतर ते ओटीवर बसून दिवसभर एकच विचारत, "किती वाजले गो?" मी सांगायची. थोड्या वेळाने पुन्हा विचारत. मला राग यायचा, आणि आला की मी मुद्दाम तासभर पुढची वेळ सांगायची.

"आजारी न्हाय गो हा," त्या दिवशी ते म्हणाले. "दाखवतोय. डब्यात काय हाय?"

"बोंबील."

"मग बरोबर दाखवलान."

दुसऱ्या दिवसापासून ऊन उतरलं की सासरे, कुत्रा आणि मी सड्यावर जायला लागलो. नवऱ्याला बागेची कामं होती. मला नव्हती, असं घरात सर्वांनी परस्पर ठरवलं होतं. सासरे लांब दोरी दोन्ही हातांनी छातीशी धरून चालायचे. कुत्रा पुढे हुंगत इकडे तिकडे ओढायचा, दोरी त्यांच्या हातात सतत काहीतरी बडबडत असायची. आणि मग एकदम ती गप्प व्हायची. कुत्रा थांबलेला असायचा. सासरे जागच्या जागी उभे राहायचे आणि हळूच विचारायचे, "काय हाय बग."

आता मी हर्णैची. बंदरावर संध्याकाळी लिलावाला मासे ओतले की लांबून नावं सांगेन. रानातलं मला काय कळतंय?

"तपकिरी आहे काहीतरी," मी म्हणायची.

"सगळं रानच तपकिरी हाय. चोच हाय का कान?"

"खवले नाहीत, एवढं नक्की."

"माशांच्या गावची सून केली आणि फसलो," असं म्हणून ते स्वतःच सांगायचे काय असेल ते. कुत्र्याचा श्वास मोठा झाला तर ससा. मान अगदी खाली गेली तर घोरपड. एक पाऊल मागे आला तर साप, आणि मग आम्ही दोन पावलं मागे. एकदा आमच्याच कलमांच्या बांधाशी बिळापुढे थांबला, तेव्हा म्हणाले, "साळिंदर. तुझी कलमं कोण खातंय म्हणून माकडांना शिव्या देत होतीस ना? त्यांची माफी माग." माकडांची माफी मी मागितलेली नाही. त्यांनी दुसरं पुष्कळ खाल्लं आहे.

सर्वात जास्त थांबायचो ते डांबरी रस्त्याजवळच्या करवंदीच्या मोठ्या जाळीपाशी. तिच्यात लावे पक्षी होते, मूठभर मूठभर आकाराचे, कातळाच्याच रंगाचे. मला ते दिसायला फार दिवस लागले. एका संध्याकाळी पानांच्या आत एक काळा डोळा दिसला आणि मग हळूहळू त्या डोळ्याभोवती अख्खा पक्षी. मी ओरडलेच. सासरे फार चिडले. लाव्यांना उठवायचं नाही, ही त्यांची सक्त ताकीद. कुत्र्याने दाखवायचं, आपण उभं राहायचं, आणि निघायचं. ज्यांनी जन्मभर लावे मारून रस्सा खाल्ला त्यांनीच ही ताकीद द्यावी, याला आमच्याकडे म्हणतात करून करून भागले आणि देवपूजेला लागले. मी तोंडावर म्हटलंही. ते म्हणाले, "खाऊन झालेत ते. आता नुसते असू देत."

घरी किती वाजले हे विचारणं बंद झालं होतं. आता ते एकच विचारत, ऊन उतरलं का. खरं सांगायचं तर मीही उन्हाकडे बघायला लागले होते.

अशाच एका संध्याकाळी आम्ही जाळीपुढे उभे असताना वाडीतला ठेकेदार मोटरसायकलवरून चालला होता. गावातली गटारं, संरक्षक भिंती आणि शाळेची गळणारी खोली त्यानेच बांधलेली. त्याने पाहिलं ते असं: एक आंधळा म्हातारा, दोन्ही हात छातीशी, डोळे मिटलेले. पुढे एक कुत्रा, पाय उचलून दगडासारखा. मागे सून, पदर सावरून गप्प. त्याने हाक मारली. सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ठेकेदाराने गाडी बंद केली, चपला काढल्या आणि हात जोडले.

सकाळी जाळीपुढे नारळ होता, अगरबत्त्या होत्या आणि अर्धी वाडी होती. ठेकेदार सांगत होता की हा राखणदार आहे, जागेचा धनी. म्हाताऱ्याने आयुष्यभर जीव मारले, आता डोळे गेल्यावर त्याला दर्शन होतंय. मुक्या जनावराला आधी दिसतं, माणसाला मागून.

"अरे, लावे हायत ते!" सासरे म्हणाले.

"बाबा, तुम्हाला दिसतंय का?" ठेकेदार मायेने म्हणाला.

"दिसत न्हाय म्हणून तर कुत्रा घेऊन फिरतो. आणि राखणदार मला सांगतोस? वहाळापलीकडे ऐनाच्या झाडाखाली त्याचा दगड हाय. तुझा आजा दर वर्षाला तिथं कोंबडा-नारळाची राखण द्यायचा. तू गेलायस का कधी?"

सासरे राखणदाराला मानतात. रानात जाताना त्याला हाक दिल्याशिवाय त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. म्हणूनच ते जास्त संतापले होते. पण ऐनाकडे जायला वाट उरलेली नाही, वहाळाचं पाणी ओलांडावं लागतं, अंगाला काटे लागतात. जाळी डांबरी रस्त्याला होती, समोर गाड्या लावायला जागा. आजकाल देवालाही पार्किंग लागतं. गाऱ्हाणं घातलं गेलं, वाडीने "व्हय महाराजा" म्हटलं आणि कुत्र्याला कुंकू लावलं. कुंकू नाकावर ओघळल्यामुळे तो दोन दिवस शिंकत होता.

पुढचं झपाट्याने झालं. आमच्या वाडीत पाण्याची पाइपलाइन यायला माझे केस पांढरे झाले, पण देवाच्या कामाला जेसीबी आठवड्यात आला. "चौथरा जाळीच्या बाजूला बांधा, जाळी तेवढी ठेवा," असं सासरे सांगायला गेले. मी हात धरून नेलं होतं. ठेकेदाराने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, पाया पडला आणि म्हणाला की चौथरा जाळीच्या जागीच हवा, देव तिथेच आहे ना. म्हाताऱ्याच्या पाया पडता पडता म्हाताऱ्याचं न ऐकण्याची कला काही लोकांना चांगली साधते. परत येताना मला भयंकर राग आला होता आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं, म्हणून मी दिराला फोन केला. दीर म्हणाला, "अगं वहिनी, मीही देणगी दिलीय. पाटीवर बाबांचं नाव येणार आहे."

करवंदी मुळासकट उपटली. पेव्हर ब्लॉक आले, पत्र्याची शेड आली, फलकावर कुत्र्याचा फोटो आला. उद्घाटनाच्या दिवशी कोणी मोठा पाहुणा येणार होता, आणि त्याच्यासमोर कुत्र्याने पाय उचलून दाखवावा अशी देवस्थानाच्या नव्या मंडळाची इच्छा होती. सासरे नाही म्हणतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "चल. कुत्रा काय खोटं बोलायचा न्हाय."

गर्दीने वाट करून दिली. स्पीकर थांबवला. सासरे दोरी छातीशी धरून उभे. कुत्रा नव्या चौथऱ्यावर गेला, शेंदूर हुंगला, एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर गेला आणि खाली उतरला. दोरी बडबडतच राहिली. लोक कुजबुजायला लागले. ठेकेदार म्हणाला, "गर्दीमुळे बिचकलाय."

कुत्रा शेडला वळसा घालून मागे गेला. तिथे ठेकेदाराची जीप उभी होती, मागचं दार उघडं, आत प्रसादाची पातेली. जीपपासून पाच-सहा हातांवर तो थांबला. पाय वर, शेपटी सरळ. दोरी गप्प झाली.

मग कोणीतरी म्हणालं, "गाडीत बसलाय महाराजा!" आणि सगळ्यांचे हात जोडले गेले. पाहुण्याने जोडले, दोन बायकांनी बोनेटला हळद लावली. फक्त ठेकेदाराने जोडले नाहीत. तो घाईघाईने जीपचं दार लावायला निघाला होता.

"काय हाय बग," सासरे म्हणाले. नेहमीसारखंच, हळू.

मी ठेकेदाराच्या आधी पोचले. माझं कोपर त्याला लागलं असेल तर ते चुकून नव्हतं. पातेल्यांच्या मागे गोणपाटाने झाकलेला प्लॅस्टिकचा क्रेट होता. गोणपाटाखाली काळे डोळे. जेसीबी लावताना जाळीतून निघालेले आमचे लावे तेव्हापासून कोंडून ठेवलेले, त्या रात्री पाहुण्याच्या ताटात जायचे होते.

"लावे," मी ओरडून सांगितलं. "बाबा, आपले लावे!"

"मजुरांनी ठेवले असतील," ठेकेदार म्हणाला.

मी क्रेट खाली ओढला आणि आडवा केला. काही पडूनच राहिले, ते मेलेले होते. बाकीचे फर्रकन उठले. सासऱ्यांनी मान वर केली. इतके दिवस त्यांनी पंखांचा जो आवाज होऊ दिला नव्हता तो त्यांच्या कानाजवळून गेला आणि सड्यावर पसरून नाहीसा झाला.

"गेले?" त्यांनी विचारलं.

"गेले."

ते रडले. सगळ्या वाडीसमोर, तोंड न झाकता.

वाडीला वाटलं, भक्तीने रडले. त्यानंतर जे झालं ते मी लिहिलं तर लोकांना अतिशयोक्ती वाटेल, पण आता दर वर्षी राखणीच्या दिवशी तिथे लावे सोडतात. देवाने पक्ष्यांच्या रूपात दर्शन दिलं होतं ना. सोडायला आधी पकडावे लागतात, ते काम ठेकेदाराची माणसं करतात.

आम्ही तिथे जात नाही. बरेच महिने आम्ही कुठेच गेलो नाही आणि ओटीवरून पुन्हा "किती वाजले गो" सुरू झालं. मी न चिडता सांगत होते, यावरून काय ते समजा. मग एक दिवस मीच म्हटलं, वहाळापलीकडे जाऊ. सासऱ्यांना पलीकडे न्यायला मला साडी गुडघ्यापर्यंत खोचावी लागली आणि दोघांच्या अंगावर काट्यांचे ओरखडे उठले. ऐनाखाली शेवाळ धरलेला दगड होता, त्याच्यावर कोणी फूल ठेवलेलं नव्हतं. सासऱ्यांनी राखणदाराला हाक दिली. कुत्रा झुडपांत शिरला, इकडे ओढला, तिकडे ओढला.

दोरी गप्प झाली.

मी वाकून बघितलं. पानांच्या आत काळा डोळा होता. या वेळी मी ओरडले नाही, त्यांच्या खांद्याला नुसता हात लावला. बराच वेळ उभे राहिलो. मग ते अगदी हळू म्हणाले, "इथवर गाडी येते काय गो?"

"नाही."

"बरं हाय. घरी कुणी विचारलान, तर भाजी बघायला गेलो होतो म्हणून सांग."