सिरांदिंगचा डावा हात

ब्रिकामा गावात कुयाते आडनाव सांगितलं की लोक आधी विचारतात, "कोरा कुठाय?" कुयाते भाटांपैकी सिरिफोच्या घरात तो एकवीस तारांचा कोरा पिढ्यान्‌पिढ्या वाजत आलाय. अर्ध्या भोपळ्यावर गाईचं कातडं ताणलेलं आणि तारा मासेमारीच्या नायलॉनच्या. बाप तारा छेडत यजमानांच्या पूर्वजांची नावं गायचा आणि समोर बसून आई, सिरांदिंग, भोपळ्याच्या पाठीवर बोटांच्या पेरांनी ताल धरायची. वाहवा सगळी बापाची व्हायची. बाप कुठे श्वास घेणार, हे मात्र तिच्या बोटांना आधी कळायचं.

बाप गेल्यावर सिरिफोने भोपळ्यात माइक बसवला. कोऱ्याच्या दांड्यावरचे, तारा ताणणारे चामड्याचे पट्टे काढून गिटारच्या किल्ल्या लावल्या. सोबत कीबोर्ड आला, लग्नांत तरुण मंडळी नाचू लागली, पार सेरेकुंडा शहराहून बोलावणी येऊ लागली. फक्त आईची टकटक स्पीकरमधून अशी यायची की जणू कुणी दार ठोठावतंय. तेव्हा पंचविशीतल्या सिरिफोने सांगून टाकलं, "आई, तू आता नुसती ऐक. ताल मशीन देईल."

"बरं," म्हणून आईने हात मांडीवर घेतले. पुढची बावीस वर्षं तिने भोपळ्याला बोट लावलं नाही. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सिरिफोला किती तरी वेळा वाटलं. शहाणपण उशिरा येतं आणि आल्यावर छळतं, त्यातलाच हा प्रकार.

गेल्या पावसाळ्यात आईचा उजवा हात लुळा पडला. आणि आता सिरिफोच्या लेकीला मुलगी झाली. आठव्या दिवशी बारसं, नाव पणजीचंच ठेवायचं होतं: सिरांदिंग. त्या दिवशी आपल्या कोऱ्यासोबत आईचाच ताल वाजला पाहिजे, हे सिरिफोने मनाशी पक्कं केलं. हात तर गेलेला. मग त्याने ट्रंकेतून बापाची जुनी कॅसेट काढली आणि कीबोर्डवाल्या मलंगला घरी बोलावलं.

मलंगच्या आणि कुयात्यांच्या कुळांत पिढीजात थट्टेचं नातं, त्यामुळे त्याने दारातूनच तोंड सोडलं. "चवळीखाऊ कुयाते! पोट भरलं की बडवा भोपळा!"

"तू आधी आत ये. तुझ्या आजोबाने आमच्याच घरची चवळी चोरली होती."

कॅसेटवरची टकटक त्यांनी मशीनमध्ये घेतली, पण ती मशीनच्या चालीत बसेना. "अरे, ही बाई मध्येच थांबते," मलंग वैतागला. "तुझा बाप नाव घ्यायला थांबला की हीसुद्धा थांबते. आणि इथे तर गायबच झाली! दुसरीकडचे ठोके आणून भोक बुजवू का?"

"नको. आहे तसं ठेव. मीच जाईन तिच्या मागे."

बारशाच्या सकाळी अंगणातल्या आंब्याखाली चटया पसरल्या होत्या. बाळाचं जावळ काढून झालं, इमामांनी कानात नाव सांगितलं, कोलाच्या कडू बिया आणि तांदळाच्या पिठाचे गोळे वाटून झाले. सिरिफोने आपलं स्टूल मुद्दाम आईच्या समोर ओढलं आणि मलंगला खूण केली.

टकटक सुरू झाली तशी म्हातारीने मान वर केली. "कोण वाजवतंय?"

"तूच, आई."

ती ऐकत राहिली. "इथे मी घाई करायचे. तुझा बाप डोळे वटारायचा." आणि मग टकटक बंदच झाली, नुसता सिरिफोचा कोरा वाजत राहिला. म्हातारी खुदकन हसली. "इथे तू रडायला लागलास. सव्वा वर्षाचा होतास. तुला पाजायला मी उठले, तर तुझ्या बापाने दोन दिवस तोंड फुगवलं!"

सिरिफोलाही हसू आलं. पण म्हातारी आता हसत नव्हती.

"माझं वाजवणं हवं होतं, तर त्या मशीनला विचारलंस. मला का नाही विचारलंस? डावा हात आहे की मला."

बावीस वर्षांपूर्वी सिरिफोने सांगितलं होतं. विचारलं कधीच नव्हतं, अगदी आजही नाही.

"वाजवशील, आई?"

"सरक पुढे."

तिने डाव्या हाताच्या पेरांनी भोपळ्यावर ठोका दिला. स्पीकरमधून तो असा दणकला की बाळ दचकलं आणि बायका हसल्या. मलंग आवाज कमी करायला धावला.

"राहू दे," सिरिफो म्हणाला. "ते मशीन तेवढं बंद कर."

डावा हात अडखळत होता. तिसऱ्या ठोक्यानंतर तो हवेतच राहिला, पुढचं काही आठवेना. सिरिफो तारांवर बोटं तशीच ठेवून थांबला. सगळं अंगण थांबलं. म्हातारीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तो श्वास कुठे घेतोय ते पाहिलं आणि चौथा ठोका दिला.