तापीच्या नावेतला तुंबा

बाळा, इथे असतास तर जवळ बसवून सांगितलं असतं. महिनाभर आजीची आठवण नाही, आणि काल फोन केलास तो कशासाठी? तर जहाजावर चढताना वाईनची बाटली काढून घेतली म्हणून! अरे, जहाजवाल्यांचा नियम आधी विचारायचा होतास. तुझं रडगाणं ऐकलं आणि मला आमची तापीवरची नाव आठवली. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, पण ती सकाळ काही डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून लिहूनच काढते, म्हणजे चार लोकांनाही वाचता येईल. नावं मात्र कोणाची घेणार नाही.

तेव्हा दारूबंदी कडक होती आणि तापीवर पूल नव्हता. मी नवी शिपाई. बायकांची झडती बाईनेच घ्यायची, म्हणून धुळ्याहून मला तापीकाठच्या ठाण्यावर पाठवलेलं. एका सकाळी एक माणूस खबर घेऊन आला. पलीकडच्या गावातल्या मुलीला बघायला सातपुड्याकडून पाहुणे येणार, येताना मोहाची दारू आणणार, आणि ती बायकांच्या अंगावर असणार, असं त्याचं म्हणणं. एवढी बित्तंबातमी याला कशी, म्हणून मी खोदून विचारलं. तर त्याच मुलीला त्याच्या भावासाठी मागणी घातलेली आणि बापाने नकार दिलेला! खबर खरी असली तरी खबऱ्याचं पोट का दुखतंय ते आधी बघावं, हे मी त्या दिवशी शिकले.

फौजदारसाहेब पुण्याकडचे, शुद्ध शाकाहारी. नाव सुटायच्या बेतात असताना आम्ही चढलो. मी पाहुण्या बायकांची झडती घेतली. भाकऱ्या, गूळ, नव्या बांगड्या. दारूचा थेंब नाही. मुलाचा म्हातारा बाप मात्र सुक्या मासळीच्या टोपलीला खेटून बसलेला आणि खांद्याला भलामोठा तुंबा, म्हणजे वाळवून पोखरलेला भोपळा. मासळीचा वास असा, की साहेब नाकाला रुमाल लावून लांबूनच विचारत होते.

"तुंब्यात काय आहे?"

"पानी शे, साहेब."

"एवढं पाणी? खाली अख्खी नदी वाहतेय!"

"नदीनं पानी माले बाधस."

नावाडी खो खो हसला. "बाबा, जलम नदीकाठे गया ना तुन्हा!"

साहेब म्हणाले, "बाधत नाही ते पाणी पिऊन दाखव."

म्हातारा डगमगला नाही. त्याने बूच काढलं, तुंबा तोंडापर्यंत नेला आणि तिथेच थांबला. मग तुंबा नावेबाहेर धरून त्याने बारीक धार सोडली आणि डोळे मिटून पूर्वजांची नावं पुटपुटला. आमच्याकडे मोहाची पहिली धार देवाला आणि पूर्वजांना दिल्याशिवाय कोणी ओठाला लावत नाही. पाण्याला हा मान कोण देतं? नावेतल्या बायका पदर तोंडात धरून हसू लागल्या.

साहेबांनीही ओळखलं. "पाण्याची एवढी भक्ती?"

म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. "मी नही बोलनू साहेब. हात बोलना."

पलीकडच्या काठावर मुलीचा बाप माणसं घेऊन उभाच होता. म्हातारा वाळूतच बसला. "माले ठाण्यात ली चला. पन दोन्ही व्याहीसमोर धार नही पडी ते सोयरिक मोडी. पोरगा मन्हा दुसरी पोरले हा म्हनत नही." मुलगी आईच्या मागे उभी होती. तिचे डोळे त्या तुंब्यावरून हलत नव्हते.

साहेब म्हणाले, "कायदा म्हणजे कायदा." मुलीचा बाप आणि केळी विकायला निघालेला एक गुजर शेतकरी, असे दोघे पंच धरले. नमुना बाटलीत भरला, लाखेचं सील लावलं. राहिलेला माल पंचांसमक्ष नष्ट करायचा. दारूच्या बाबतीत साहेबांचा आम्हा कोणावरच भरवसा नव्हता, म्हणून रुमाल नाकाला बांधून ते स्वतःच ओतायला उभे राहिले. तुंब्याचं तोंड अरुंद. एकसारखी बारीक धार वाळूवर पडू लागली. म्हातारा हळूच उठला, हात जोडून पूर्वजांची नावं घेऊ लागला. समोर मुलीच्या बापानेही हात जोडले. नावं संपली आणि तुंबाही संपला.

मुलीचा बाप ओरडला, "धार पडी गयी! सरकारना हाते पडी! सोयरिक पक्की!"

बायकांनी गाणंच धरलं. साहेबांनी रुमाल सोडला. "अहो बाई, मी आत्ता काय केलं?"

"लग्न जमवलंत, साहेब."

"हे पंचनाम्यात येता कामा नये!"

पाहुण्यांना त्या दिवशी गुळाच्या चहावर भागवावं लागलं. म्हातारा तो औषधासारखा प्याला. कोर्टाने पुढे त्याला समज देऊन सोडलं. लग्नाचं आमंत्रण घेऊन तो ठाण्यात आला तो थेट साहेबांच्या टेबलावर कोंबडा ठेवूनच. साहेब खुर्चीवरून उठून पळाले. लग्नाला मला धाडलं.

पुढे मी पुष्कळ माणसं तपासली. प्रश्न विचारताना तोंडाकडे कमी आणि हातांकडे जास्त बघायचे. आणि जप्त केलेली वस्तू कोणाला कशासाठी हवी होती, हे विचारल्याशिवाय कधी उठले नाही. तुझ्या बाटलीवाचून कोणाचं लग्न अडलं होतं का रे?

ती मुलगी आता माझ्याइतकीच म्हातारी झालीय. तुंबा अजून तिच्या घरात खुंटीला टांगलेला आहे. आता पूल झालाय, तिच्याकडे जायला वेळ लागत नाही. या सुट्टीत ये, दोघं मिळून जाऊ. फक्त पिशवी हलकी आण. दारात झडती मीच घेणार आहे.