मागण्यापेक्षा राजीनामा सोपा

दोन वर्षांत मी दोन नोकऱ्या सोडल्या होत्या आणि तिसरी सोडायच्या बेतात होते. अमरावतीला घरी बाबा म्हणायचे, "इतक्या दिवसांत तुरीचं पीक निघते, पण तुयी नोकरी काही टिकत नाही." आजकालची मुलं पगारासाठी नोकऱ्या बदलतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मी तो समज तसाच राहू दिला.

खरं म्हणजे मला काही मागायला फार जड जातं. पहिल्या ऑफिसात एसीची हवा थेट मानेवर यायची. टेबल हलवा म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. राजीनामा मेलवर देता आला. दुसऱ्या ऑफिसात मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून सगळ्यांची इंग्रजी पत्रं माझ्याकडे. साहेबांच्या मुलाचा शाळेचा प्रोजेक्टसुद्धा. नाही म्हणण्यापेक्षा नोकरी सोडणं बरं वाटलं.

अकोल्याची ही बियाणं कंपनी मात्र मला आवडली होती. रोजच्या अप-डाउनचाही त्रास वाटत नव्हता. अडचण फक्त जेवणाची. दुपारी सगळे डबे टेबलावर मधोमध उघडायचे आणि ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं, अशी पद्धत. मी आता घेऊ, मग घेऊ करेपर्यंत आईच्या पाटवड्या संपलेल्या असायच्या. कुणी वाढायला आलं की "नको, थँक यू" आपोआप निघायचं. चार महिने मी अर्धपोटी काम करत होते. शेवटी राजीनाम्याचा मेल लिहून ठेवला, संध्याकाळी पाठवायचा म्हणून.

त्या दुपारी डब्यात एकच वडी उरली होती. अकाउंट्समधल्या काकूंनी हात पुढे केला आणि मी चक्क म्हणाले, "काकू, ती मले पाहिजे."

काकूंनी हात मागे घेतला.

"अवं, मंग आजवर सांगतलं कावून नाही?" काकू म्हणाल्या. "आमी समजलो, तू डायटिंग करून राहिली!"

"मी तं घरी बायकोले सांगतलं," समोरचा सहकारी म्हणाला, "आमच्या ऑफिसातली पोरगी पोळीकडे पाहत नाही, शिक काही."

"मंग त्या दिवशी जेवाले भेटलं का तुले?" काकूंनी त्याला विचारलं.

"कुठचं, काकू!"

हसता हसता काकूंनी माझ्या ताटलीत वडी टाकली, वर दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी. मी नको म्हणाले नाही. जागेवर येऊन मेल डिलीट केला, आणि पोट भरल्यामुळे चारपर्यंत जांभया देत बसले.