खंडेनवमीला न्हालेलं गवताचं मशीन

बाळांनो,

तुमच्या बाबांनी आम्हाला गवत कापायचं मशीन पाठवलं ते निव्वळ प्रेमापोटी, असं मी कॉलनीत सगळ्यांना सांगते. खरं कारण तुम्हाला कळायला हरकत नाही. जळगावचं हे घर विकून आम्ही दोघांनी पुण्यात फ्लॅट घ्यावा, असं त्यांचं मत आहे. पावसाळ्यात अंगणात गवत माजतं, गवतात साप निघतात आणि साप बघून पळण्याचं आमचं वय राहिलेलं नाही. आजोबांना हे घर सोडायचं नाही. ते म्हणाले, "अंगण मी स्वच्छ ठेवीन. नाही ठेवलं, तर मग फ्लॅटचं बोल." त्यावर मशीन आलं आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर अंगण दाखवायचं ठरलं.

मशीन सुरुवातीला गुणी होतं. मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आपल्याकडे घरातल्या हत्यारांची पूजा करतात. विळी, कात्री, माझं शिवणयंत्र, स्कूटर. सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. पण आजोबा पारोळ्याकडच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. पोळ्याला बैल धुतात तसं त्यांनी मशीन पाइप लावून धुतलं, पोटाखालूनसुद्धा. शिंगं नव्हती म्हणून रंगवायची राहिली.

शनिवारी त्यांनी दोरी ओढली. मशीन गप्प. पुन्हा ओढली. मशीन एकदा खोकलं आणि परत मौनात गेलं.

"गारठलं असेल," आजोबा म्हणाले.

दसऱ्यानंतरच्या जळगावच्या उन्हात गारठायचं तर फ्रिजमध्ये बसावं लागतं.

शेजारचे नाना भुसावळला रेल्वेत होते. कुठे इंजिन बिघडलं की त्यांना बोलवावं लागत नाही. त्यांनी पान्याने प्रत्येक नटावर टकटक केलं, कान लावला आणि निकाल दिला, "बठ्ठं बरोबर शे, भाऊ."

"सगळं बरोबर आहे, तर चालत का नाही?" मी विचारलं.

"अक्का, इंजिनले टाइम देना पडस."

रेल्वे वेळेच्या बाबतीत किती उदार असते, हे मी प्रवासी म्हणून जाणते.

कंपनीच्या धुळ्यातल्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, दिवाळीनंतर येतो. कोणत्या दिवाळीनंतर, ते त्याने सांगितलं नाही.

शेवटी मी मशीनसोबत आलेली इंग्रजी पुस्तिका काढली. ती मी आल्या दिवशीच वाचून कपाटात ठेवली होती; या घरात वाचणं हे बायकी काम समजतात. टाकीत पेट्रोल आहे का? आहे. प्लगची वायर घट्ट आहे का? आहे. हवेची जाळी स्वच्छ आहे का?

"ही जाळी कुठे असते हो?"

आजोबांना एकदम जास्वंदीवरची कीड दिसली. "असेल त्या काळ्या डबीत," ते पाठमोरे म्हणाले.

मी डबीचं झाकण काढलं. आत, ओल्या स्पंजवर, पाण्याने फुगलेला झेंडू बसला होता. भोवती कुंकवाचा चिखल आणि थोड्या अक्षता.

"हे काय आहे?"

"फूल."

"ते दिसतंय मला. आत कसं गेलं?"

"वर ठेवलं की घसरत होतं. डबीला झाकण होतं. मला वाटलं, त्यासाठीच दिली असेल."

नाना इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं. परदेशी कंपनीने पुस्तिकेत सगळ्या शक्यता धरल्या आहेत, ही तेवढी राहिली.

स्पंज धुऊन आजोबांच्या बनियनशेजारी दोरीवर वाळत घातला. प्लगही ओला होता. नानांनी तो काढून पुसला आणि उन्हात ठेवला. फूल तुळशीपाशी गेलं, कारण पूजेचं फूल कचऱ्यात टाकायचं नसतं. इंजिनात चालतं.

रविवारी सकाळी मशीन दुसऱ्या ओढीला सुरू झालं. आजोबांचा चेहरा असा, की जणू ते त्यांनीच बनवलं. अर्धं अंगण झालं आणि तुमच्या बाबांचा फोन आला. आजोबांनी फोन असा धरला, की कापलेलं अर्धंच दिसावं. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मी मान डोलावली.

"छान ठेवलंय की," तुमचे बाबा म्हणाले. "आणि खंडेनवमीला मशीनची पूजा केली ना?"

"केली," आजोबा म्हणाले. "अगदी आतून."

फ्लॅटचा विषय निघाला नाही. फोन ठेवल्याबरोबर आजोबा उरलेल्या गवताकडे वळले, आणि मशीन सुरू होण्याआधी मी पुढच्या खंडेनवमीचा विचार करून त्या काळ्या डबीचं झाकण चिकटपट्टीने पक्कं केलं.