फिलूनं कल्ला उघडून घेतलेली रायफल

फिलोमिना गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मासळीबाजारात सुरमईचा कल्ला उघडून आत डोकावत होते. पलीकडे तिची मुलगी लिझा. "आंटी, ममा इज नो मोअर..." मी सुरमई खाली ठेवली. आता महिना होऊन गेला, रडून झालं, म्हणून फुशारकी मारायला बसलेय. फिलूची, अर्थातच.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. वसईची फिलू दुबई मरीनातल्या हॉटेलात रिसेप्शनला, मी पुण्याची, एका ऑफिसात अकाउंट्सला. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या आमच्या नेमबाजी क्लबात मराठी बायका आम्ही दोघीच. तेव्हाची मी म्हणजे काय सांगू... नेम धरण्याआधी लिपस्टिक तपासणारी! बायकांना तिथे फक्त छऱ्यांची बंदूक मिळायची. खूप भांडलो, तेव्हा सेक्रेटरी दामलेसाहेब म्हणाले, "क्लब सैन्यातून बाद झालेल्या दोन रायफली घेतोय. एक तुमची. पण वार्षिक स्पर्धेत हरलात तर तीही आमची, आणि तुम्ही परत छऱ्यांवर!"

व्यापाऱ्यानं दोन्ही टेबलावर मांडल्या. एक आरशासारखी, दुसरी ओरखड्यांची, लाकडी दस्त्यावर तेलाचे काळे डाग. "लेडीज फर्स्ट," दामले म्हणाले. मी चकचकीत रायफल छातीशी धरली. "फिलू, आधी फोटो काढ!"

"खाली ठेव गं बाय," फिलू म्हणाली. "मासा काय चकाकी बघून घेतेस? कल्ला उघड आधी."

तिचे पपा सैन्याच्या वर्कशॉपात रायफली दुरुस्त करायचे. मासळी आणि नळी दोन्ही आतून बघायची, ही त्यांचीच शिकवण. रायफल रिकामी आहे याची तिनं खात्री केली, बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दट्ट्या, बाहेर काढला, किल्ल्यांच्या जुडग्यातला छोटा टॉर्च मागून धरला आणि पुढून नळीत डोळा लावला. "बघ, आतल्या फिरत्या खाचा झिजून सपाट झाल्यात. गोळीला फिरकी कोण देणार, तुझी लिपस्टिक?" मग नळीच्या तोंडावरून नख फिरवलं, ते एका जागी अडलं, तिथे टवका उडालेला; गोळी तिथूनच वाकडी जाणार. बोल्टवरचा नंबरही रायफलीच्या नंबराशी जुळेना, म्हणजे तो दुसऱ्याच रायफलीचा.

मग त्या कळकट रायफलीच्या नळीत तिनं मला बघायला लावलं... आत खाचा अशा लखलखत वळत गेलेल्या, की मी "अय्या!" करून ओरडले.

"मॅडम, वो तो बहुत पुरानी दिखती है," व्यापारी कुरकुरला.

"दिखने दो, हबीबी. यही चाहिए, खलास!"

चकचकीत घेऊ नका, असं तिनं दामल्यांनाही बजावलं. ते हसले आणि तीच घेतली. "बायकांनी भंगार उचललं!"

स्पर्धेच्या दिवशी पुरुषांच्या गोळ्या कागदभर विखुरल्या, जशी कुणी मोहरी सांडावी. फिलूच्या मात्र मधल्या काळ्या गोलात एकमेकींना चिकटून बसलेल्या. आणि माझ्याही! त्या दिवशी मी लिपस्टिक विसरले होते. दामले आमचे दोन्ही कागद डोळ्यांजवळ धरून पुन्हा पुन्हा भोकं मोजू लागले. फिलू गोड आवाजात म्हणाली, "साहेब, छरे देऊ का तुम्हाला?"

तो टॉर्च लिझानं मला दिलाय. परवा मासळीबाजारात मी तो सुरमईच्या कल्ल्यात मारला. नात लाजून कुजबुजली, "आजी, इट्स अ फिश, नॉट अ रायफल!" कल्ला आतून लालभडक होता. "यही चाहिए, खलास," मी विक्रेत्याला म्हणाले.

शेजारच्या बाईनं आपलं चकचकीत पापलेट माझ्यापुढे धरलं. "आंटी, जरा मेरा भी देखो ना..."

मी टॉर्च लावला.