उंबरपाड्याचा प्लुटो

ग्रह पुसायला शहापूरहून एसटी मिळते, हे तुम्हाला माहीत नसेल. मलाही नव्हतं.

मी पाट्या रंगवतो आणि उरलेल्या वेळात लोकांचे आवाज काढतो. दुसऱ्या कामाचं नाव जास्त झालंय, पैसे पहिल्याचे मिळतात. तर मुरबाडकडच्या एका शाळेच्या हेडसरांचा फोन आला. आवाज असा, की परिपत्रक स्वतःच बोलतंय. "आमच्या भिंतीवर नऊ ग्रह आहेत. उद्या दुपारी तपासणीला साहेब येणार. त्याआधी आठ करून द्यावेत." मी म्हटलं, "सर, कुठला काढू? शनी काढला तर बऱ्याच लोकांचं भलं होईल." फोन कट.

सकाळी मुरबाड गाडीत बसलो. पिशवीत काळ्या रंगाचा डबा, पांढरी डबी, दोन ब्रश. कंडक्टरला म्हटलं, "एक उंबरपाडा." त्याने मशीन दाबलं, परत दाबलं आणि नाकातून बोलला, "उंबरपाडा मशीनमधी नाय."

"पण जागेवर आहे ना?"

"जागेवर असंल. मशीनमधी नाय."

पुढच्या गावाचं तिकीट हातात आलं. माहुलीचे सुळके मागे पडले. किन्हवलीला गरम भजी मिळाली. तिथून पुढे खाचरांमध्ये राब (भाताची रोपं टाकायच्या आधी पालापाचोळा पसरून भाजलेली जमीन) भाजल्याचे काळे चौकोन दिसायला लागले. तेवढ्यात मांडी गार लागली. बघतो तर डब्याचं झाकण उघडलेलं आणि अर्धं अंतराळ माझ्या पॅन्टवर. शेजारचे काका म्हणाले, "राब भाजून आलास का रे?" सगळी गाडी हसली. जोक माझा नव्हता, याचंच जास्त वाईट वाटलं.

शाळा उंबरपाड्याला लागूनच. काळ्या रंगवलेल्या भिंतीवर सूर्य, आणि त्याच्यापुढे रांगेत नऊ ग्रह. प्रत्येक ग्रहाखाली एका पाड्याचं नाव. शाळा बांधताना नऊ पाड्यांनी दगड-माती वाहिली, म्हणून एकेकाला एक ग्रह. सरपंचाच्या पाड्याला गुरू. योगायोग, दुसरं काय. ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नाही, जे दुसऱ्याच्या खाचरात मजुरीला जातात, त्या उंबरपाड्याला सगळ्यात शेवटचा, बोराएवढा प्लुटो.

मी ब्रश काढला, तर प्लुटोवर एक हात येऊन बसला. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बुधीबाईंचा. राहणार उंबरपाडा.

"काय करतंस रे?"

"पुसतोय, आजी. हा आता ग्रह नाही."

"कोन बोलला? दगड आमी वायले. ह्यो पुसलास तं या भिंतीवर उंबरपाडा कुठं रायला?"

हेडसर बाहेर आले. "हे पाहा, विज्ञानात भावनेला स्थान नसतं."

"भावना नाय, नाव बोलतंय मी," बुधीबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "कोनी ठरवला, सांग बघू."

मला एवढंच पाहिजे होतं. मी पायरीवर चढलो आणि जिथे हे ठरलं ती प्रागची सभा आवाज काढून सुरू केली. दोन हजार सहा साल. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ. शेवटचा दिवस, बरेच जण बॅगा भरून घरी गेलेले. चष्मेवाले अध्यक्ष घसा खाकरून विचारतात, "ग्रह कोणाला म्हणायचं? अट पहिली, सूर्याभोवती फिरला पाहिजे."

"फिरतो ना?" बुधीबाई.

"फिरतो. अट दुसरी, स्वतःच्या वजनाने गोल झाला पाहिजे."

"गोल तं हायेच."

"अट तिसरी, आपल्या वाटेतला आजूबाजूचा परिसर त्याने मोकळा केलेला पाहिजे."

"आमच्या पाड्यात ये, आता दावतंय. रोज झाडतंय मी. गुरूवाल्यांकडं जाऊन बघ, गटार उघडा हाय."

"झाडण्याचं नाही, आजी. वाटेत जे बारीकसारीक येतं ते ग्रहाने गिळायचं, नाहीतर बाजूला फेकायचं. प्लुटोच्या आसपास त्याच्यासारखे बर्फाचे ढीगभर गोळे आहेत. त्याने कोणाला हटवलंच नाही."

बुधीबाईंनी हाताखालच्या प्लुटोकडे बघितलं. "म्हंजे शेजाऱ्याला हाकलला नाय, म्हनून ह्यो बारका?"

मी तिसऱ्या रांगेतला झोपलेला सभासद करणार होतो, पण तो राहूनच गेला. नुसते हात वर केले. "आणि असं, कार्डं वर करून, ठराव पास."

"हात वर करून?" हेडसरांचा स्वतःचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "आपल्या ग्रामसभेसारखं?"

तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला. साहेब वेळेच्या आधी! सरकारी इतिहासात असं बहुतेक पहिल्यांदाच झालं असेल. हेडसर कुजबुजले, "पुस, पुस लवकर!" डब्यात काळा रंग प्लुटोपुरता होताच. बुधीबाईंचा हात अजून भिंतीवर. मी पांढरी डबी उघडली आणि प्लुटोच्या डोक्यावर घाईघाईने लिहिलं, 'बटु'. पुढचं 'ग्रह' लिहायच्या आत साहेब मागे उभे.

बोटाने मोजत मोजत ते प्लुटोपाशी थांबले. "हा काय प्रकार?"

हेडसरांनी चपलांकडे बघितलं.

"ह्यो बटू हाय, सायेब," बुधीबाई म्हणाल्या. "आठात नाय. पन फिरतो त्यांच्यासंगंच."

"बटुग्रह, सर," मी म्हटलं. "बारक्यांना तसंच म्हणतात. पूर्ण करतोय."

साहेबांनी वहीत टिक मारली. "आठ बरोबर. खिचडी झाली का?" विश्वाची तपासणी संपली.

उरलेली अक्षरं मी जेवणानंतर लिहिली. उंबरपाड्याचं नाव होतं तिथेच राहिलं. बुधीबाईंनी ताटलीत परत खिचडी वाढली. "खरं सांग, मंग बटूग्रह म्हंजे ग्रह का नाय?"

खोटं बोलावंसं वाटलं. "ठरावात नाही, आजी."

"ठरावात काय, आमी पन नाय," त्या म्हणाल्या आणि पातेलं घासायला घेतलं.

परतीच्या गाडीला हात करायची गरजच पडली नाही. ती आपणहून थांबली. तीन बायका भारे घेऊन उतरल्या, मी चढलो. कंडक्टर सकाळचाच.

"कुठून बसला?"

"उंबरपाडा."

"मशीनमधी नाय," आम्ही दोघं एकदम बोललो, एकाच नाकातून. त्याने मला वर-खाली बघितलं आणि मागच्या गावापासूनचं तिकीट फाडलं.

"मग गाडी इथे थांबली कशी?" मी विचारलं.

"इथं ती थांबतेच."

हा आवाज मी नीट पाठ करून ठेवलाय. प्रागवाल्यांनी परत कधी सभा घेतली, तर मिमिक्रीला बोलवावं. पॅन्ट हीच घालून येईन.