आमच्या डांगराचं लग्न

सासूबाई गावाकडून धाराशिवला आमच्याकडे राहायला आल्या, त्या अट घालूनच. गावात त्या एकट्या राहायच्या. पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि शेजारणीला कळेपर्यंत तशाच पडून राहिल्या. मग नवऱ्यानं त्यांचं काही न ऐकता त्यांना गाडीत घातलं. इथं आल्या आल्या त्यांनी कंपाउंडच्या भिंतीपाशी डांगराच्या, म्हणजे तांबड्या भोपळ्याच्या, बिया टोचल्या आणि जाहीर केलं, "ह्या मातीत डांगर धरलं तर म्या ऱ्हाईन. न्हाय धरलं तर मला गावाकडं सोडायचं. जिथं डांगर धरत न्हाय तिथं माणसानं काय करायचं?"

आमचं दोघींचं सूत फार जमायचं अशातला भाग नाही. माझ्या चहाला त्या 'रंगीत पाणी' म्हणायच्या आणि त्यांची मिसरी दिसली की माझं डोकं उठायचं. पण त्या पडल्यापासून अवेळी फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायची. इथं असल्या तर निदान भांडायला समोर तरी होत्या. त्या राहाव्यात असं मला मनापासून वाटत होतं. हे त्यांना तोंडानं सांगणं काही जमेना, म्हणून मी डांगराला शेणखत घालत राहिले.

वेल मातला. भिंत चढला, पाण्याच्या टाकीमागे शिरला, माझ्या कपड्यांच्या दोरीवर आला. पिवळीधमक फुलंही आली. काही नुसती, म्हणजे नर. काहींच्या मागे बोराएवढं डांगर चिकटलेलं, त्या माद्या. पण ते बोराएवढं डांगर पिवळं पडायचं आणि गळून जायचं, कारण फुलाकडे मधमाशी फिरकतच नव्हती.

माश्या नव्हत्या असं नाही. भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंचा शेवगा असा फुलला होता की पान दिसेना, आणि त्यावर सगळ्या गावच्या माश्या घुमत होत्या. आमची दोन-तीन फुलं तोंडं उघडून बसलेली. नवऱ्यानं मोबाईलमध्ये बघून खुलासा केला: एखाद्या माशीला कुठं भरपूर फुलं सापडली की ती पोळ्यावर जाऊन नाचून दाखवते, मग बाकीच्या तिकडेच जातात, आणि एकदा एका जातीच्या फुलावर बसायला लागल्या की सहसा तेच धरून राहतात.

"मोठी पंगत सोडून एका ताटासाठी कोण येतंय?" सासूबाई म्हणाल्या. "पर नाचून सांगतेत, हे चांगलंय. आपल्यातली जेवून गेली की नावं ठेवतेत."

पंगत मोठी दिसावी म्हणून नवऱ्यानं माळ्यावरची गणपतीची प्लास्टिकची झेंडूची माळ वेलावर सोडली. एक माशी आली, दोन फुलं हुंगली आणि अशी तडक निघून गेली की मलाच शरमल्यासारखं झालं. मग सासूबाईंनी फुलांवर गुळाचं पाणी शिंपडलं. गुळाला आळीतले यच्चयावत मुंगळे आले आणि वेलावरून थेट स्वयंपाकघरात उतरले.

शेवटी मीच म्हटलं, की हे काम हातानंही करता येतं. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादीच्या फुलाला आतून लावायचं. शाळेत शिकले होते. झालं लग्न.

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरले. "एकाच वेलावरची? सख्खी भावंडं हायती ती. तुमच्या शाळंत हे शिकवतेत व्हय?"

मी कपाळाला हात लावला. नवरा हसायला गेला, पण आईचं तोंड बघून खोकायला लागला. त्यांचा हिशेब सरळ होता. वेल त्यांच्या लेकाच्या दारातला, तेव्हा फूल ही त्याची लेक. तिला नवरदेव हवा तो आत्याच्या घरचा. मामाची पोरगी करायची रीतच आहे. आत्या म्हणजे माझी नणंद, येडशीला राहते, आणि तिच्या परसात डांगराचा वेल आहे. फोन लावला. नणंद आईच्याच वळणावर गेलेली. म्हणाली, "पोरगं देते. पर वरपक्षाचा मान ठेवा. न्यायला जोडीनं या."

डांगराचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन तापलं की मिटतं. म्हणून आम्ही उजाडायच्या आत मोटारसायकलवर निघालो. नणंदेनं स्टीलच्या डब्यात ओल्या फडक्यावर नवरदेव ठेवला होता, देठाला हळदीचा दोरा, आणि सोबत करवली म्हणून एक कळी. परतताना मी डबा पोटाशी धरून बसले होते. नवऱ्यानं खड्ड्यात गाडी आपटली की मी ओरडायची, "हळू, पोराची पाकळी मोडेल." मी एक शिकलेली, नोकरी करणारी बाई आहे, हे मला त्या रस्त्यावर एकदाही आठवलं नाही.

घरी सासूबाई इरकलीचं लुगडं नेसून तयार होत्या. माझी नवी ओढणी अंतरपाट झाली. त्यांना मंगलाष्टक येत होतं एकच, पण ते संपेना. फुलाचं तोंड आवळायला लागलं होतं. "आई, सावधान म्हणा लवकर," मी म्हटलं. भिंतीवरून शेजारच्या काकूंनी डोकावून विचारलं, "कुणाचं गं?" मी सांगितलं. त्यांनी "बरं झालं" म्हणून पदर डोक्यावर घेतला आणि वरून अक्षता टाकल्या.

आठवडा झाला नसेल, ते बोराएवढं डांगर पिवळं पडलं आणि गळालं. मी नवऱ्याला त्या खड्ड्यावरून बोलले, खूप बोलले. सासूबाईंनी ते उचलून वेलाच्या बुडाशी पुरलं आणि हात धुऊन आत गेल्या, आणि त्याचीच मला धास्ती वाटली. मी भिंतीकडे जाणंच सोडलं. काकूंनी बहर ओसरल्यावर शेवगा छाटला, तेही मी खिडकीतूनच पाहिलं.

मग एका रविवारी सकाळी उठून बघते तर सासूबाई इरकल नेसून पायरीवर बसलेल्या आणि दाराशी त्यांची पिशवी. मला रडूच फुटलं, आणि रडू आलं की मला राग येतो. तशीच वेलाकडे गेले आणि उपटून टाकायचा म्हणून जोर लावून ओढला. टाकीमागची पानं बाजूला झाली. तिथं नारळाएवढं डांगर होतं. त्याला जमिनीची ओल लागू नये म्हणून खाली चुंबळ होती, सासूबाईंच्या जुन्या हिरव्या लुगड्याची.

"आगं सोड, मुडदा पाडतीस का त्याचा?" त्या मागून आल्या.

"हे कधी धरलं?"

"शेवगा छाटला तवाधरनं माश्या इकडंच येतेत. सकाळच्याला. तू तुझं रंगीत पाणी उकळत असतीस."

"आणि मला सांगितलं नाही?"

"दिस्ट लागती. तुझी तर लई लागती."

"आणि नवरदेव कुठला?"

"ह्याच वेलाचा," त्या जरा हळू बोलल्या. "माशीला काय गोत कळतंय? म्या तोंड फिरवून उभी ऱ्हायले."

मी डोळे पुसले. "मग निघालात कशाला? धरलं तर राहीन म्हणाला होतात."

"गावाकडच्या घरातला पाटा-वरवंटा आणाया. लेक येतोय उचलाया," त्या म्हणाल्या. "जल्मभर का तुझ्या मिक्सरातली चटणी खाऊ?"

तो मिक्सर माझ्या पहिल्या पगारातला आहे. त्याला कुणी नावं ठेवलेली मी खपवून घेत नाही. त्या दिवशी मी आत गेले, त्यांच्यासाठी डबा भरला आणि पाटा कुठं ठेवायचा म्हणून ओट्याखालची जागा झाडून घेतली.